मालक भिंतीबाहेर

भिंगारच्या मैदानावर फुटबॉलची मॅच असली की सहादेव घरात सापडायचा नाही, हे मुक्ताबाईला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पाहुणे येऊन बसलेले असोत, नाहीतर घरात पूजा मांडलेली असो, दुपार कलली की गडी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जर्सी अंगात घालून बाहेर. नोकरी मिल्ट्रीच्या डेपोत रंगाऱ्याची. आठवडाभर गाड्यांना हिरवा रंग मारायचा आणि रविवारी 'भिंगार तरुण' क्लबसाठी घसा कोरडा करायचा. तरुणपणी स्वतः खेळला, गुडघा गेला तसा कडेला बसून ओरडायला लागला, तो रिटायर झाल्यावरही ओरडतच होता.

"मला सवत हाय," मुक्ताबाई शेजारणींना सांगायची, "पन ती मैदानात ऱ्हाती, घरी येत न्हाई, म्हनून चालवून घेते."

ती स्वतः मात्र साठी उलटेपर्यंत एकदाही मैदानात गेली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. पण तिथं बायकांना बसायला जागा नव्हती आणि दोन तास थांबायचं तर आडोसा नव्हता. पुरुष भिंतीकडं तोंड करून मोकळे व्हायचे. बाईनं काय करायचं?

मग क्लबात बन्सीशेठ आला. बन्सी मूळचा जामखेडकडचा, पुढं केडगावला त्यानं पाइपांचा कारखाना टाकला. ठिबकचे पाइप, बोअरचे पाइप. त्या वेळी 'भिंगार तरुण'ची वर्गणी आटली होती, गोलच्या जाळीला हात जाईल एवढी भोकं पडली होती आणि जुने अध्यक्ष थकून मुलाकडं पुण्याला निघाले होते. बन्सीनं क्लब अंगावर घेतला. नवी जाळी आली, कोच आला, बाहेरगावचे खेळाडू आले. मैदानाच्या एका अंगाला पत्र्याखाली पायऱ्या बांधल्या, त्यातल्या निम्म्या बायकांसाठी. पायऱ्यांच्या मागं बायकांचं स्वच्छतागृह केलं. पाण्याची टाकी, आतून भक्कम कडी, आणि रोज झाडायला माणूस.

हे झालं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्यानं काळे-पिवळे पट्टे काढले आणि सगळ्या टीमला कारखान्याचा निळा रंग दिला. छातीवर पाइपाचं नाव एवढं मोठं की खेळाडूचा नंबर शोधावा लागायचा. आणि वेशीपाशी जो बोर्ड लागला, त्यावर बन्सीच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मालक'.

सहादेवचं डोकं फिरलं ते त्या शब्दानं.

"क्लबला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो," तो घरात येरझारा घालत म्हणाला. "मालक म्हशीला असतो!"

त्याचा जुना जोडीदार छगन, वेशीजवळ सायकलचं दुकान चालवायचा, तोही तसाच पेटला. दोघांनी मिळून जुन्या लोकांची एक फळी उभी केली. नव्या पायऱ्यांवर त्यांनी कधी बूड टेकवलं नाही. समोरच्या बाजूला उन्हात, मातीच्या बांधावर बसायचे, जुन्या जर्स्या घालून, आणि टीमला ओरडून साथ द्यायचे. मध्येच कुणाला आठवण झाली की "पाइपवाल्या, परत जा!" अशी एक आरोळी उठायची.

मुक्ताबाई मैदानात गेली ती निकितामुळं. निकिता शेजारची, दवाखान्यात नर्स. एका रविवारी ती म्हणाली, "काकू, आता बायकांची सोय झालीय. चला की, बघून तर येऊ, काका जातात कुठं ते."

पहिला अर्धा तास मुक्ताबाईला काही उमगलं नाही. एवढी बाप्ये माणसं एका चेंडूमागं का पळतात, आणि चेंडू जवळ आला की लगेच दुसऱ्याला का देऊन टाकतात? निकितानं एकेक सांगत नेलं. मग 'भिंगार तरुण'चा एक उंच पोरगा डावीकडनं निसटला, पुढं फक्त गोलकीपर राहिला, आणि मुक्ताबाई उठून उभी राहिली. तोंडातून जो आवाज निघाला तो आपलाच आहे हे तिला क्षणभर कळलं नाही. चेंडू बाहेर गेला. आजूबाजूच्या बायका हसल्या, तीही हसली, खाली बसली. माहेरी मोठ्यानं बोललं की आई डोळे वटारायची, सासरी सासरा ओसरीवर असायचा. पुढं स्वतःचं घर झालं तरी भिंतीला भिंत लागून. एवढ्या मोठ्यानं ओरडावं आणि कुणी मान वळवून बघू नये, अशी जागा तिला जन्मात भेटली नव्हती.

त्या दिवसापासून तिनं एक मॅच चुकवली नाही. घरातून दोघं एकदमच निघायचे. मैदानाच्या फाटकातून आत शिरले की सहादेव बांधाकडं वळायचा, ती पायऱ्यांकडं. घरी आल्यावर वाद. सहादेव म्हणायचा, क्लब विकला गेला. मुक्ताबाई म्हणायची, "तुमचा इकला आसंल. माझा तर आत्ता सुरू झाला."

भांडण असं नव्हतंच ते. भाकरी थापता थापता बोलायचं, जेवता जेवता बोलायचं. पोरं पुण्या-मुंबईला गेल्यापासून त्या घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

बातमी आली ती हिवाळ्यात. बन्सीशेठनं केडगावला जमीन घेतली आहे, तिथं हिरवळीचं मैदान होणार, आणि पुढच्या वर्षीपासून क्लब तिकडं खेळणार. केडगाव म्हणजे शहराच्या पार पलीकडं, पुणे रस्त्याला. भिंगारमधून दोन रिक्षा बदलून जायचं.

आता मात्र बांधावरची मंडळी उसळली. लीगमधली शेवटची मॅच श्रीरामपूरच्या टीमबरोबर भिंगारलाच होती. जिंकली तर भिंगार पहिलं. छगननं ठरवलं, त्याच दिवशी बहिष्कार. कुणीही आत जायचं नाही, सगळ्यांनी भिंतीबाहेर रस्त्यावर उभं राहायचं. रिकामा बांध बघू दे शेठला.

सकाळी सहादेवनं जुनी जर्सी घातली. पोटावर ताणली गेली होती. मुक्ताबाईनं पुढ्यात थालीपीठ ठेवलं.

"येवढी मोठी मॅच, आन् तुमी बघनार न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"जल्मात एक चुकवली न्हाई तुमी."

"म्हनून तर." त्यानं तुकडा मोडला. मग खाली बघत म्हणाला, "तू जानार व्हय?"

"जानार. माझं शेठशी काय वाकडं न्हाई."

"केडगावला बी जाशील मग."

मुक्ताबाईनं तव्यावरचं उलटलं. बातमी आल्यापासून तिच्या मनात तेच घोळत होतं. पण ज्या माणसानं बायकांना बसायला जागा दिली त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं?

दुपारी ती निकिताबरोबर पायऱ्यांवर जाऊन बसली. मैदान भरलं होतं, पण समोरचा बांध रिकामा होता, नुसतं ऊन पडलेलं. बघवत नव्हतं. पुढच्या रांगेत पांढऱ्या खोळीच्या खुर्चीवर बन्सीशेठ बसला होता. गडद निळा कोट, हातात मोबाईल, आणि नजर पुन्हा पुन्हा त्या बांधाकडं.

मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, श्रीरामपूरच्या एका फटक्यावर चेंडू खांबाला लागून परत आला. सगळं मैदान 'हो' करून ओरडलं. लगेच मुक्ताबाईचा फोन वाजला.

"काय झालं गं?" सहादेव.

"तुमाला काय करायचंय? बहिष्कार हाय ना तुमचा?"

"अगं बहिष्कार बघन्यावर हाय. आयकन्यावर न्हाई."

निकिता खिदळली. मुक्ताबाईनं फोन तोंडाशी धरला. "खांबाला लागला. वाचलो."

"कुनी मारला हुता?"

"त्यांचा त्यो टकल्या हाय ना, त्यानं."

"हितं सगळी इचारायला लागलीत. थांब, फोन मोठ्या आवाजावर टाकतो. तू नुस्ती बोलत ऱ्हा."

मग मुक्ताबाई बोलत राहिली. खेळाडूंची नावं तिला येत नव्हती, तिची स्वतःची नावं होती. "आपला लांब टांगाचा निघाला बघा डाव्या अंगानं... निघाला... टकल्या आला आडवा मेला... दिला, त्या बुटक्याकडं दिला... अरं मार की! बसलाय धरून! ... गेला. गेला वरनं. गाईच्या गोठ्यात गेला असंल आता." भिंतीबाहेरून हसण्याचा आवाज फोनमधनं येत होता आणि भिंतीवरनंही येत होता. आजूबाजूच्या बायका मॅच सोडून तिच्याकडं बघायला लागल्या. तिला भानच नव्हतं.

हाफटाइम झाला तेव्हा गोल कुणाचाच नव्हता. मुक्ताबाईनं पाण्याची बाटली उघडली, तर समोर बन्सीशेठ उभा. तो कधी पायऱ्या चढून आला, कळलंच नव्हतं.

"कोनाशी बोलायलात मावशी मघापासून?"

"आमच्या मालकांशी," मुक्ताबाई सवयीनं बोलून गेली.

शेठ हसला. "मालक तर म्या हाय की इथला."

"आमचे मालक भिंतीच्या बाहेर हायेत," ती म्हणाली. "तुमच्या नावानं उभे हायेत तिथं."

शेठचं हसू विरलं. तो खालच्या पायरीवर, कोट न सावरता, तसाच बसला. फोन मुक्ताबाईच्या मांडीवर होता आणि चालू होता. बाहेरची सगळी माणसं ऐकत होती.

"काय म्हनतेत ते?" शेठनं विचारलं.

"माझ्या तोंडून कशापायी आयकता? हे घ्या. बोला."

तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून त्याच्यापुढं धरला. शेठनं तो हातात घेतला नाही, नुसता त्याच्याकडं वाकला.

"राम राम," तो म्हणाला.

पलीकडं कुजबूज झाली. मग छगनचा आवाज आला. "शेठ, आमचा रंग द्या परत."

"या ना आत, बोलू."

"आत आलो तर बहिष्कार मोडतो," हा सहादेव.

"बरं. बाहीरूनच बोला." शेठनं कपाळ चोळलं. "पर मला एक सांगा, केडगावचं तुमाला वाईट कामून वाटायलंय? इथल्या मैदानाची परवानगी दर साली लटकती. मागल्या साली दोन मॅचा त्याच्यामुळं गेल्या का न्हाई? म्हनलं, हक्काची जागा करावी. गवत लावावं. मला वाटलं, लोक खूश होतेल. तर बांधावरून माझ्या नावानं आरोळ्या. कुनी समोर येऊन बोलंना. मला कुनी इचारलंच न्हाई, कामून करतोय म्हनून."

"तुमी तरी कुठं इचारलं आमाला?" सहादेव म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "रंग बदलला तवा इचारलं? मालक लिवलं तवा इचारलं?"

शेठनं मैदानाकडं बघितलं. रेफ्री मैदानात येत होता. मुक्ताबाईला वाटलं, आता हा उठून जाईल आणि बोलायचं राहून जाईल.

"शेठ," ती म्हणाली, "मी तुमच्या बाजूची हाय. ह्या पायऱ्या नसत्या तर मी जल्मात मॅच बघितली नसती. घरात रोज तुमच्यावरनं भांडते मी. पन केडगावला मी येनार न्हाई."

शेठनं वर बघितलं. "गाडी लावतो ना बायकांसाठी. बस करतो."

"बसचं न्हाई वो. हितं मी घरातनं चालत येते. पायात चपला घालते आन् येते. कुनाला इचारावं लागत न्हाई, कुनी सोडायला लागत न्हाई. मला आवडली मॅच तर बसते, न्हाई आवडली तर उठून जाते. केडगावला तुमची बस सुटंल तवा जायचं, बस निघंल तवा यायचं. मग त्ये माझं कसं ऱ्हाईल?"

निकितानं तिच्याकडं चमकून बघितलं. मुक्ताबाईला एकदम लाज वाटली. एवढं लांबलचक ती कधी बोलली नव्हती, आणि ते सगळं नवऱ्यानं आणि त्याच्या दोस्तांनी मोठ्या आवाजावर ऐकलं होतं.

शिट्टी झाली. शेठ उठला नाही. तिथंच, बायकांच्या पायऱ्यांच्या टोकाला, गुडघ्यावर कोपरं टेकून बसून राहिला.

दुसऱ्या हाफात श्रीरामपूरनं गोल केला. कॉर्नरवरनं, गर्दीतनं, कुणाच्या डोक्याला लागला ते दिसलंच नाही. मुक्ताबाईनं फोनवर एवढंच सांगितलं, "बसला आपल्याला," आणि भिंतीबाहेर मयत झाल्यासारखी शांतता पसरली. शेठ विचारायला लागला, "ऑफसाइड नव्हता का मावशी?" तेव्हा तिला कळलं की कॉर्नरवर ऑफसाइड विचारणाऱ्या ह्या माणसाला खेळातलं फारसं समजत नाही. तिनं त्याला निकितासारखं एकेक सांगायला सुरुवात केली. एका कानाला नवरा, एका बाजूला शेठ, आणि मध्ये ती.

"बांधावरची मान्सं असती ना," शेठ मध्येच म्हणाला, "तर पोरं अशी ढिली पडली नसती. त्यांचा आवाज लई लागतो पोरान्ला."

"आयकलं का?" मुक्ताबाई फोनमध्ये म्हणाली. "शेठ म्हनत्यात, तुमच्याबिगर पोरं ढिली पडली."

पलीकडनं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

मॅच संपायला आली होती. लांब टांगाच्या पोराला पाडलं, फ्री किक मिळाली. बुटक्यानं चेंडू ठेवला, मागं सरकला. मुक्ताबाई उभी राहिली. "बुटका मारनार हाय. भिंत केलीय त्यांनी. चार जन हायेत भिंतीत. मागं सरला... आला..." आणि त्यापुढं ती जे ओरडली त्यात शब्दच नव्हते. हात वर गेले, फोन हातातून उडाला, दोन पायऱ्या खाली जाऊन आपटला आणि बंद पडला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. शेठ दोन्ही मुठी वर करून नाचत होता.

भिंतीबाहेर फक्त आवाज पोचला होता. एवढा मोठा आवाज, पण कशाचा? गोल झाला की हुकला? फोन लागेना. मग जे घडलं ते पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी पाहिलं. फाटकातून काळ्या-पिवळ्या जर्सीतला एक म्हातारा गुडघा ओढत पळत आला, त्याच्यामागं छगन, त्याच्यामागं बाकीची सगळी फळी. सहादेव बांधाकडं वळलाच नाही. सरळ बायकांच्या पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला आणि मान वर करून, धापा टाकत ओरडला, "कुनी केला?"

"बुटक्यानं!" मुक्ताबाई वरून ओरडली.

"फ्री किकवर?"

"फ्री किकवर!"

सहादेवनं छगनला मिठी मारली. उरलेला वेळ ते तिथंच उभे राहिले आणि असे ओरडले की श्रीरामपूरच्या गोलकीपरनं दोनदा मागं वळून बघितलं. दुसरा गोल मात्र झाला नाही. मॅच बरोबरीत सुटली, पहिला नंबर श्रीरामपूरकडं गेला. तरी घरी जाताना कुणाचं तोंड पडलेलं नव्हतं. सहादेव रस्ताभर सांगत होता, बहिष्कार मोडला असं कुणी म्हणू नये, कारण आपण आत आलो खरे, पण बसलो नाही.

"व्हय," मुक्ताबाई म्हणाली. "उभ्यानं बघितली. लई कडक बहिष्कार."

पुढच्या आठवड्यात बन्सीशेठ घरी आला. ड्रायव्हर नाही, कोट नाही. सहादेव बनियनवर पेपर वाचत होता. तो गडबडीनं शर्ट शोधायला लागला. मुक्ताबाईनं चहा टाकला. शेठनं जुनी जर्सी बघायला मागितली, हातात घेऊन पट्टे चाचपले आणि विचारलं, "काळा किती रुंद असायचा? आन् पिवळा?" सहादेवनं बोटं लावून दाखवलं. पाइपाचं नाव छातीवर राहणारच, असं शेठ म्हणाला. बारीक करा, असं सहादेव म्हणाला. दोघं पुष्कळ वेळ घासाघीस करत बसले. केडगावच्या जागेवर सराव करायचा आणि शाळेच्या पोरीपोरांची टीम तिथं घडवायची, पण परवानगी मिळेल तोवर मॅच भिंगारलाच, एवढ्यावर त्या दिवशी ठरलं. परवानगीच्या अर्जासाठी दोघं पुढच्या सोमवारी एकाच मोटारसायकलवर कचेरीत गेले. येताना भांडतच आले.

वेशीतला बोर्ड उतरला नाही. 'मालक' शब्दही राहिला. शेठ म्हणाला, तेवढं असू द्या, आमच्या आईनं त्या बोर्डाचा फोटो घरात लावलाय. सहादेवला हे पटलं नाही आणि त्यानं तसं तोंडावर सांगितलं. छगन तर अजूनही शेठचं नाव काढलं की हातातला पाना खाली ठेवून बोलायला सुरुवात करतो. निकिताच्या मते शेठनं केडगाव सोडायलाच नको होतं. हिरवळीवर खेळलं तर पोरांचे गुडघे वाचतील, असं ती नर्स म्हणून सांगते, आणि तिच्या बाजूनं बोलणारेही पुष्कळ आहेत. म्हणजे भिंगारमध्ये दोन तट होते, त्यांचे आता तीन झाले.

नव्या हंगामाची पहिली मॅच संगमनेरला होती. मुक्ताबाई कधी क्लबबरोबर बाहेरगावी गेली नव्हती. या वेळी गेली. मिनीबसमध्ये पुढं शेठच्या बाजूची माणसं, मागं बांधावरची, मध्ये बायका. एमआयडीसी मागं पडते न पडते तोच बोलाचाली सुरू झाली. शेठनं मॅचला बँड आणायचं काढलं होतं. सहादेव सीटवर उलटा बसून मागच्यांना सांगत होता, की बँड वाजला तर आपली हाक पोरांना ऐकू कशी जाणार. पुढून कुणीतरी म्हणालं, तुमची हाक तशीही शिव्याच असते. सगळी बस हसली. छगन उठून उभा राहिला आणि ड्रायव्हरनं त्याला खाली बसायला सांगितलं.

मुक्ताबाईनं काच सरकवली. दोन्ही अंगाला उसाचे फड उभे होते, तुरे आलेले, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकत होते. गार वारा तोंडावर आला. मागं सहादेवचा आवाज चढत होता, आणि तो अजून संगमनेरपर्यंत चढत जाणार हे तिला ठाऊक होतं. पुढं रस्त्याकडेला रसाचं गुऱ्हाळ दिसलं. तिनं समोरच्या सीटवर हात मारला आणि आवाज काढला, पायऱ्यांवर काढायची तसाच, "ए बाबा, थांबव! बोलून बोलून घसे कोरडे पडलेत सगळ्यांचे."

बस थांबली. सगळे तट खाली उतरले आणि रसाच्या चरकाभोवती उभे राहिले. आलं घालायचं की लिंबू, यावर छगन आणि सहादेवचं पुन्हा जुंपलं.